साखळीतला हात

दर्शना सोमवारी सरावाला आली नाही. ते मला तिच्याकडून कळलं नाही, दंडावरच्या पट्टीकडून कळलं. मी गुडघ्याला पट्टा बांधत होते, तेवढ्यात कानात पट्टीचा नेहमीचा गोड आवाज आला.

"नूतनताई, तुमच्या संघाच्या जुळणीत एक बदल करण्यात आला आहे. दर्शना ठाकूर यापुढे अलिबाग केंद्रातून खेळतील. तुमचा दिवस आनंदात जावो."

हा आवाज वाईट बातमी सांगतानाही दिवस आनंदातच घालवायला सांगतो. मी आजूबाजूला पाहिलं. संघातल्या बाकीच्या बायका मॅटवर अंग मोकळं करत होत्या आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. डाव्या कोपऱ्यात, दर्शनाच्या जागी, एक नवीन बाई उभी होती. उंच, नीटनेटकी, केसांना रबरबँड लावलेली. "मी संयोगिता," ती म्हणाली. "बँकेत होते."

"मी नूतन घरत," मी म्हटलं. "गणपतीच्या कारखान्यात असते." आणि तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

पेणला मी गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. मूर्ती हल्ली यंत्र छापतं, रंगही तेच मारतं, पण डोळे मात्र गिऱ्हाईक अजून हाताचे मागतं. लग्न केलं नाही. आधी ठरलं नाही आणि मग ठरवायचं राहून गेलं. भाऊ खारघरला असतो, सणावाराला बोलावतो, मी जातेही. पण कुणी विचारलं असतं, की तुझं या जगात कोण, तर मी पहिलं नाव दर्शनाचं घेतलं असतं.

आम्ही एकाच आळीतल्या. शाळेत असल्यापासून कबड्डी खेळलो, मी आणि ती, डावीकडची साखळी. ज्यांनी कबड्डी फक्त पडद्यावर पाहिली त्यांच्यासाठी सांगते. समोरची चढाई करायला आली, की बचाव करणाऱ्या दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात. त्याला साखळी म्हणतात. दर्शना कोपऱ्यात आणि मी तिच्या उजवीकडे. तिच्या उजव्या हातात माझा डावा हात. दोघींनी एकमेकींकडे बघायचं नाही. नजर समोरच्या बाईच्या पायांवर, आणि बोलणं सगळं हातातून. एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की चल. जिल्ह्यात आमच्या साखळीला घाबरायचे. मग तिचं लग्न झालं, माझ्यावर कामाचं जोखड आलं, आणि खेळ सुटला.

तो परत आला तो सरकारच्या कृपेने, हे कबूल केलं पाहिजे. मी काही यंत्राच्या नावाने बोटं मोडणारी बाई नाही.

माणूस खेळला की त्याला बरं वाटतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाहीत. आमच्या आळीतल्या कुठल्याही पोराने ते सांगितलं असतं. शास्त्रज्ञांनी शोधलं ते त्याच्या पुढचं. एकट्याने पळणाऱ्यापेक्षा चौघांत खेळणाऱ्याला जास्त बरं वाटतं. दोन माणसं एका लयीत हलायला लागली, की मेंदू आपण होऊन वेदना मारणारी रसायनं सोडतो, एकट्याच्या मेंदूपेक्षा कितीतरी जास्त. पण हे कुठल्याही दोघांत होत नाही. कुणाबरोबर खेळताय यावर ते ठरतं. एकाच्या शेजारी उभं राहिलं की जीव फुलतो, दुसऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की आखडतो, आणि आपल्याला स्वतःलाही ते नीटसं कळत नाही.

ते कळावं म्हणून ही पट्टी. दंडाला चिकटवायची. तिच्याखाली केसाहून बारीक सुयांची जाळी असते, ती घाम चाखते. ताणाचं रसायन घामात किती उतरलं, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय, कातडी किती तापली, यावरून ती शंभरातला एक आकडा काढते. त्या आकड्याचं सरकारी नाव मोदांक. आमच्या पेणला लगेच त्याचा मोदक झाला. "आज तुझा मोदक किती गो?" असं बायका भाजी घेताना विचारायच्या.

आणि या सगळ्या पट्ट्यांच्या वर बसलेली व्यवस्था म्हणजे मेळ. कोण कोणाच्या शेजारी असताना कुणाचा आकडा चढला आणि कुणाचा उतरला, हे मेळ बघतं आणि संघ जुळवतं. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने कुठला ना कुठला खेळ खेळायचा, संघ मेळ देणार. सुरुवातीला आम्ही हसलो. मग एकेक माणूस बदलताना दिसायला लागलं. बायको गेल्यापासून दारं लावून बसलेले आमचे शेजारी पाटीलकाका व्हॉलीबॉलला जायला लागले आणि अंगणात शिट्ट्या मारायला लागले. दवाखान्यांतली गर्दी ओसरली.

मला मेळने पहिल्याच दिवशी पन्नाशीपुढच्या कबड्डीत टाकलं. मऊ मॅट, झेप घ्यायची नाही, कंबर धरायची नाही, एवढेच नियम बदललेले. मी जाऊन उभी राहिले आणि डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी माझा हात धरला. मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं, याबद्दल मला काडीचा संशय नाही. त्या दिवशीचा माझा मोदक त्र्याण्णव होता. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं.

म्हणून त्या सोमवारी सराव संपल्यावर मी थेट समन्वयक केतकीच्या खोलीत गेले. केतकी मूळची साताऱ्याची, गुणी पोरगी. इकडे सगळे काकी म्हणतात, ती काकू म्हणते.

"काकू, बसा ना."

"उभी बरी आहे. दर्शनाला अलिबागला का धाडलंत?"

"मेळचा निर्णय आहे."

"मेळला तोंड नाही, तुला आहे. तू सांग."

केतकीने पेन उचललं, ठेवलं. "दुसऱ्याची माहिती दाखवता येत नाही, काकू."

"मग दाखवू नको. तोंडाने सांग."

तिने सांगितलं नाही. तिने उठून दार लावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या. निळी माझी, लाल दर्शनाची. दोन्ही रेघा खेळाबरोबर वरखाली होत होत्या. केतकीने एका जागी बोट ठेवलं.

"इथे तुम्ही साखळी धरलीय. तुमची रेघ बघा, वर चाललीय. त्यांची..."

त्यांची खाली चालली होती. केतकीने बोट पुढे सरकवलं. परत साखळी, परत निळी वर, परत लाल खाली. मधे पकड झाली की लाल उसळी मारून वर यायची, आणि पुढच्या चढाईला आम्ही हात धरून उभ्या राहिलो की पुन्हा घसरायची.

"असं कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून. रोज." तिने आवाज खाली आणला. "मेळच्या मते त्यांना तुमचा सहवास सोसत नाही. हे शब्द मेळचे आहेत हं, माझे नाहीत."

मी हसले. खरंच हसले. "चाळीस वर्षं बरा सोसला."

घरी गेले. भाताचा कुकर लावायचा म्हणून तांदूळ धुतले आणि तसेच पाण्यात ठेवून खुर्चीत बसून राहिले. ती माझा हात धरायची आणि तिला नकोसं व्हायचं. रोज. आणि मला तेव्हाच, नेमकं तेव्हाच, जगात सगळ्यात बरं वाटायचं. माणसाचा अपमान करायला एवढी हुशार यंत्रं कशाला लागतात, कुणास ठाऊक.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन विचारायचं. दर्शनाचं घर माझ्या घरापासून चार आळ्या सोडून. पण ते तुम्हाला कळायचं नाही. आम्हाला कबड्डी शिकवली भास्कर गुरुजींनी, आणि त्यांचा पहिला नियम होता, रेषेच्या आतलं रेषेच्या आत. त्या काळी दोन गावांची कबड्डी झाली की खेळ संपल्यावर खरी मारामारी सुरू व्हायची. मुलींच्या खेळात तसं काही झालं असतं, तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी आमचं खेळणंच बंद केलं असतं. म्हणून मैदानात कुणाचं बोट मोडलं, कुणी कुणाला शिवी दिली, कुणाच्या चुकीने सामना गेला, ते रेषेबाहेर काढायचं नाही. ना घरी, ना एकमेकींत. माझ्या मनगटाला लागलं होतं ते दर्शनाच्या चुकीने, हे आजतागायत आमच्यात कुणी उच्चारलेलं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. पेणच्या कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा, तो हेच सांगेल.

तेव्हा मी विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

संयोगिता वाईट नव्हती. तिचा हात कोरडा आणि व्यवस्थित होता. ती चढाई संपली की लगेच तो सोडायची, आणि चुकलं की "सॉरी हं" म्हणायची. कबड्डीत सॉरी म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. माझा आकडा घसरत चाळिशीवर आला. मेळ कामाला लागलं. मला बॅडमिंटनमध्ये टाकलं, तिथून पोहण्यात, तिथून कॅरममध्ये. सगळीकडे लोक आनंदात होते. तेच तर वाईट होतं. अख्खं पेण संध्याकाळी हसत-खिदळत मैदानांवर असायचं, आणि मी त्यांच्यामधून पिशवी घेऊन मेळने दिलेला नवा पत्ता शोधत फिरायचे. दुःखी माणसांच्या गावात एकटं असणं निराळं. तिथे निदान बसायला सोबत मिळते.

शेवटी मेळने मला "एकल आनंद" दिला. भोगावतीच्या काठाने आपण चालायचं आणि कानातला आवाज आपल्याशी गप्पा मारणार. "छान चाललात, नूतनताई!" तो म्हणायचा. चालण्याबद्दल शाबासकी मला बहुधा एक वर्षाची असताना मिळाली असेल, त्यानंतर ती आत्ता मिळत होती.

दर्शना मला एकदा मासळीबाजारात भेटली. टाळता येण्यासारखं नव्हतं, मधे फक्त कोळंबीची टोपली होती.

"कशी आहेस गो?"

"बरी. तू?"

"बरी."

ती खरंच बरी दिसत होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. "झोप लागते आता," ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं. मग ती माझ्या हाताकडे बघायला लागली. डाव्या हातात जिताड्याची पिशवी होती. "जिताडा घेतलास?"

"हो. दोन दिवस पुरेल."

"चल मग."

"चल."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत आम्ही इतक्या सभ्यपणे कधीच बोललो नव्हतो. घरी येऊन मी तो जिताडा शेजाऱ्यांना देऊन टाकला.

पुढे महिनाभराने कारखान्यात चहा आला, तेव्हा मी एक मोठी मूर्ती संपवून बसले होते. आखणी करताना माझ्या उजव्या हातात कुंचला असतो आणि डाव्यात रंगाची वाटी. दोन्ही खाली ठेवून हात मांडीवर टाकले होते. मालकीणबाई हेमलता समोर बसली होती. ती माझ्या मांडीकडे बघत म्हणाली, "नूतनताई, वाटी ठेवली ना खाली? मग काय हलवताय?"

मी पाहिलं. डावा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होती, शाडूची बारीक गोळी वळावी तसं. ते मी करत नव्हते. मी वाटी उचलली, हात गप्प झाला. वाटी ठेवली, तो परत सुरू झाला.

हेमलताच मला पनवेलला डॉक्टर इनामदारांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, मग हात मांडीवर ठेवायला सांगून नुसतं बघत राहिल्या. मेंदूच्या तळाशी हालचालींचं वंगण तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या माझ्या हळूहळू बंद पडत होत्या. आजाराचं नाव मी आधी ऐकलेलं होतं, तुम्हीही ऐकलं असेल. आता औषधं चांगली आहेत, त्या म्हणाल्या, वेग पुष्कळ कमी करता येतो. थांबवता येत नाही.

"हा कंप विसाव्याचा असतो," त्या समजावत होत्या. "हात कामात असला की तो थांबतो. हात मोकळा झाला की येतो. म्हणून कामातल्या माणसाला स्वतःला तो उशिरा कळतो."

"मला कालच दिसला."

"दिसायला लागायच्या आधी वर्षभर तरी तो आत असतो, अगदी बारीक. डोळ्यांना दिसत नाही, पण आपला हात हातात धरून बसणाऱ्याला लागतो. बहुतेक वेळा नवऱ्याला किंवा बायकोला आधी कळतं." त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"घरात कुणी नाही," मी म्हटलं.

औषधाच्या दुकानासमोर हेमलता गोळ्या घेत होती आणि मी पायरीवर उभी होते, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साखळी धरून आम्ही उभ्या असतो, चढाई करणारी लांब असते, तेव्हा माझा डावा हात काहीच करत नसतो. तो दर्शनाच्या हातात नुसता विसावलेला असतो. मग पकड होते, हात कामाला लागतो. लाल रेघ खाली, लाल रेघ वर. तिला माझा हात नकोसा झाला नव्हता. तिला तो कळला होता. माझ्याआधी, डॉक्टरांच्या आधी, गेल्या दिवाळीतच.

दुसऱ्या दिवशी केतकीच्या खोलीत मी तिला सगळं सांगितलं.

"पट्टीला हे कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"पट्टीला आजार शोधायला सांगितलेलंच नाही, काकू. ती फक्त सुख मोजते. आणि घामाला काय कळतं? एखाद्याचा तिटकारा आला तरी तोच घाम, एखाद्याची काळजी लागली तरी तोच. मेळला दोन्ही सारखंच दिसतं." तिने डोळे पुसले. "मी दुरुस्ती टाकते. तुम्ही दोघींनी हो म्हटलं, की पुढच्या आठवड्यात परत एका संघात. फक्त..."

"फक्त काय?"

"अलिबागचा त्यांचा आकडा खोटा नाहीये. पंच्याऐंशीच्या खाली येत नाही. त्यांची रक्तदाबाची गोळीही अर्धी झालीय. त्या तिकडे खरंच सुखात आहेत, काकू. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला ऐकायचं नव्हतं. शनिवारी मी पिशवीत खेळायचे कपडे आणि गुडघ्याचे पट्टे भरले आणि अलिबागची बस धरली. सांगायचं वाक्य मी मनाशी घोकून ठेवलं होतं, 'चल परत.' एवढंच. वडखळ गेलं, पोयनाड गेलं, आणि मी आपली खिडकीशी बसून लग्नाला निघाल्यासारखी हसत होते.

अलिबागचं केंद्र समुद्राकडच्या रस्त्याला आहे. आत खेळ चालू होता. मी कठड्याशी उभी राहिले. दर्शना डाव्या कोपऱ्यात होती आणि तिच्या हातात एका धिप्पाड बाईचा हात होता. चढाई करणारी आत आली, ती बाई काहीतरी पुटपुटली आणि दर्शना खो-खो हसत सुटली. साखळीत. चढाई चालू असताना. आम्ही साखळीत कधी हसलो नव्हतो. त्या हसण्याने त्यांचा एक गुण गेला आणि त्या दोघी आणखीच हसल्या.

मध्यंतराला तिने मला पाहिलं. घाम पुसत धावत आली आणि एकदम थबकली.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या आधीपासून. तू बोलायचीस, किती आवळतेस गो हात. मी आवळायचे ती तुझी थरथर दाबायला. समोरचीला कळू नये, आपल्यातल्या बायांना कळू नये."

"मला का नाही सांगितलंस?"

"रेषेच्या आतलं होतं ना." तिने नजर फिरवली. "आणि सांगितलं असतं तर तू त्या दिवसापासून खेळ सोडला असतास. मी तुझा स्वभाव ओळखत नाय काय? खेळ सुटला असता, तर तुझ्याकडं दुसरं काय उरलं असतं गो?"

हे कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं, तर मी त्याला सोडलं नसतं. पण ते खरं होतं, आणि ते म्हणायचा हक्क फक्त तिचा होता.

"मग तुला इकडे हलवलं तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"मला वाटलं, तूच अर्ज केलास. तुला कळलं की मला कळलंय, आणि तुला ते रुचलं नाय. तू कशाला गप्प बसलीस?"

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोन साठीच्या बाया, गुरुजींच्या शब्दाला जागून जवळजवळ वर्षभर तोंड शिवून बसलेल्या. हसू आलं दोघींनाही, पण तिचं लवकर विरलं.

"डॉक्टर काय बोलले?"

हे विचारताना तिचा चेहरा मी पाहिला. साखळीत आम्ही एकमेकींकडे बघत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. त्यामुळे तो चेहरा मी आजवर पाहिला नव्हता. ओठ आवळलेले, कपाळाला आठ्या, डोळे माझ्या हातावर. आत्ता पाच मिनिटांपूर्वी हसत असलेली बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. केतकीच्या पडद्यावरची लाल रेघ म्हणजे हे होतं. दिवाळीपासून, रोज, मी सुखात असताना शेजारी हे चाललं होतं.

"सांग ना गो. मी येते परत. तू फक्त बोल. मना हे अलिबाग-बिलिबाग काय नको. आजच सांगते त्या पोरीला."

जे वाक्य सांगायला मी बसमध्ये बसले होते, ते तिनेच म्हटलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

मी खाली वाकून पिशवी डाव्या हाताने उचलली. ती तिच्यासमोर धरली.

"मानेत शीर दबलेली होती," मी म्हटलं. "व्यायाम दिलाय आणि उशी बदलायला सांगितलीय. बघ, आहे का काही?"

पिशवी पेलणारा हात ठाम होता. बोटसुद्धा हललं नाही. ती बघत राहिली, जवळ येऊन बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खरं सांगतेस?"

"चिठ्ठी दाखवू का आता डॉक्टरची?"

तिने एवढा मोठा श्वास सोडला, की तिचे खांदे खाली आले. तिचे डोळे भरले. "मेले, झोप नव्हती मला. मी काय काय वाचलं, काय काय मनात आणलं..."

"तुझी सवयच ती. उगाच दुसऱ्याच्या हाताची चिंता."

"मग येऊ ना परत?"

"नको," मी म्हटलं. "माझं तिकडे चांगलं जमलंय. संयोगिता म्हणून आहे, बँकेतली. तुझी जागा धरलीय तिने. आता मधेच कुठे मोडायचं?"

तिला ते लागलं. मी बघितलं, लागलं. पण त्याच्या मागोमाग चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, आणि मघाची हसणारी बाई परत आली. वर्ष-दोन वर्षांत तिला कळणारच आहे. पेण केवढं, बायका केवढ्या. तेव्हा ती येऊन मला शिव्या घालेल आणि त्या मी खाईन. तोवर तिला झोप लागेल. हे शहाणपण होतं की शुद्ध मूर्खपणा, ते मला ठरवता येत नाही. दुसऱ्याला विचारावं, तर त्या बाबतीत विचारायला मला एकच माणूस होतं.

आतून शिट्टी झाली. दर्शनाने सवयीने माझा डावा हात धरायला हात पुढे केला. त्यात पिशवी होती. मी उजवा दिला. तिने तो दाबला आणि मॅटकडे पळाली.

ती दिसेनाशी होईपर्यंत मी पिशवी खाली ठेवली नाही.

पेणच्या बसला वेळ होता. थांब्यावर कुणी नव्हतं, सगळं अलिबाग कुठे ना कुठे खेळायला गेलेलं. मी बाकावर बसले, पिशवी शेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेतले. डावा लगेच सुरू झाला. थोडा वेळ मी नुसती बघत राहिले. मग दर्शना धरायची तसा तो उजव्या हातात घेतला आणि घट्ट आवळला. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण आत, तळव्याला, ते बारीक बारीक लागत होतं, आणि कितीही दाबलं तरी थांबत नव्हतं. रोज तिच्या हाताला हे लागायचं. बस येईपर्यंत मी तो तसाच धरून बसले.